अबू नायेफची मध्यस्थी

नणंद-भावजयीचं जमतं असं मी सांगते तेव्हा आमच्या सल्त गावातल्या बायका माझ्याकडे संशयाने बघतात. पण माझं आणि खितामचं जमतं. दोघींचाही माझ्या सासऱ्यांवर जीव आहे, आणि दोघींनाही माझ्या नवऱ्याचा राग येतो. एवढ्या भांडवलावर मैत्री सहज टिकते.

सासऱ्यांचं नाव मुतलक. पण थोरला मुलगा नायेफ, म्हणून गाव त्यांना अबू नायेफ, नायेफचा बाप, म्हणतं. हा नायेफ म्हणजे माझा नवरा. हम्माम गल्लीत सासऱ्यांचं डाळी-बियाण्यांचं दुकान होतं. ते बेताचंच चालायचं, कारण मालक दुकानात कमी आणि गावाच्या भानगडीत जास्त. कुणाच्या मुलासाठी मुलगी मागायची आहे, दोन भावांचं भिंतीवरून वाजलंय, कुणाच्या गाडीखाली कुणाचा पाय आलाय, की लोक यांच्या दारात हजर. मग चार मोठी माणसं गोळा करून समोरच्याच्या घरी जायचं आणि मागणं मांडायचं. याला आमच्याकडे जाहा म्हणतात. अबू नायेफ ना शेख होते, ना जमीनदार, ना फारसे शिकलेले. पण बोलणं सावकाश, आवाज खाली, आणि समोरच्याला कधी लहान वाटू द्यायचं नाही. जाहा घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले, असं क्वचितच झालं असेल.

सासूबाई होत्या तोवर त्यांना हे मुळीच आवडायचं नाही. "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात," म्हणायच्या. "साऱ्या गावाच्या पोरी उजवल्या, घरची मात्र राहिली." खितामला मागणी आली नाही असं नाही. पण तिला शिकवायचं होतं, आणि तिच्या बापाने तिच्यावर कधी जोर केला नाही. ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. आमच्या टेकडीवरच्या घरात तळमजल्यावर ती आणि तिचे याबा, म्हणजे माझे सासरे, वरच्या मजल्यावर आम्ही. नायेफ अम्मानला एका कचेरीत असतो. सकाळी जातो आणि दिवेलागणीला येतो, आणि आल्यावर घर कसं चालवायचं ते आम्हाला सांगतो.

सासऱ्यांचं काहीतरी बिघडलंय हे आम्हाला कळलं तेही एका जाहामुळेच. एका मुलासाठी मुलगी मागायला ते माणसं घेऊन भलत्याच घरी गेले. त्या घरातल्या मुलीचं लग्न होऊन तिला तीन पोरं झालेली. बरोबरच्यांना वाटलं, अबू नायेफ आहेत, काहीतरी विचार करूनच आले असतील. घरच्यांनीही मान राखून कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचार करून कळवतो म्हणाले. गाव पोट धरून हसलं. डॉक्टरांनी त्याला डिमेन्शिया म्हटलं, गल्लीने म्हातारचळ म्हटलं. अबू नायेफना यातलं काहीच कळलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

खितामने शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली. वर्ष संपल्यावर परत रुजू व्हायचं, नाहीतर जागा जाणार, असं शाळेने स्पष्ट सांगितलं होतं.

ते वर्ष मी वरच्या मजल्यावरून पाहिलं आणि निम्मं खाली उतरून. घरी ठेवलेल्या माणसाचं सगळं छान होतं असं बोलणाऱ्यांनी एकदा आमच्याकडे येऊन राहायला हवं होतं. खिताम त्यांना आवडीचं करून घालायची, नमाजाच्या वेळा सांभाळायची, नखं कापायची. पण हे आपलं घर आहे एवढं एक त्यांना पक्कं आठवत होतं, आणि आपल्या घरात अबू नायेफ यजमान. त्यांच्यासाठी आम्ही आशूर नावाचा मिसरचा एक भला माणूस ठेवला, अंघोळ-पांघोळ करायला. सासऱ्यांना मी अम्मो म्हणते; अम्मोंनी पहिल्या दिवशीच त्याला आपल्या पलंगावर बसवलं. रात्री पाहुण्याला पलंग देऊन स्वतः जमिनीवर झोपले. जेवताना मटणाचे चांगले तुकडे त्याच्या पुढ्यात सरकवायचे आणि स्वतः भाकरी कुरतडत बसायचे. आशूर पंधरवड्यात निघून गेला.

"बाईसाहेब," तो मला म्हणाला, "मला शिव्या देणारा म्हातारा चालला असता. हे मला वाढतात आणि हात धुवायला पाणी घालतात. मी पगार कशाचा घेऊ?"

मग सगळं खितामवर आलं. दिवसभर कोण येतंय-जातंय म्हणून ते दाराकडे डोळे लावून बसायचे, क्षणभर टेकायचे नाहीत. संध्याकाळ झाली की हे घरही परकं व्हायचं, आणि खितामही. तिला 'बाई' म्हणायचे. "बाई, फार पाहुणचार झाला, आता मला घरी जाऊ दे." दाराला कुलूप असायचं. ते आतून दार वाजवायचे, हळू, पाहुण्यासारखं, कुणी उघडेल याची वाट बघत. खिताम स्वयंपाकघरात कांदा चिरत ते ऐकायची. तिचे केस त्या एका वर्षात पांढरे झाले, आणि तिने रंग लावणंही सोडून दिलं.

अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्राचा विषय मीच काढला. आमच्या टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या पिवळ्या दगडी घराच्या खालच्या मजल्यावर सुहैरबाईंनी ते सुरू केलं होतं. बाई आमच्या गावच्याच, अनेक वर्षं अम्मानला नर्स होत्या. सकाळी गाडी येऊन माणसं घेऊन जाते, दुपारनंतर परत आणून सोडते.

नायेफ भडकला. "बापाला पाळणाघरात घालायचं? लोक तोंडात शेण घालतील. घरात मुलगी असताना?"

"मुलगी घरात आहे," मी म्हटलं. "मुलगा कुठे असतो दिवसभर?"

"हनादी, तू मध्ये बोलू नकोस."

"बरं. मग उद्यापासून अंघोळ तू घाल."

उन्हाळ्यात अम्मो केंद्रात जायला लागले. खितामने पहिल्या दिवशी त्यांना पांढरा शुभ्र झगा घातला, वर जाहाला जाताना घालायचे तो काळा अंगरखा, डोक्याला रुमाल. गाडी गेल्यावर ती पायरीवर बसून राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मला मोकळं वाटतंय, आणि त्याचीच लाज वाटतेय." मी तिला चहा आणून दिला. यावर दुसरं काय करणार?

सुहैरबाईंना आपल्या केंद्राचा अभिमान होता, आणि तो रास्त होता. बाकीच्या ठिकाणी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर टीव्ही असतो. यांनी भिंतीलगत गाद्या-तक्के घातले, मधोमध निखाऱ्यांवर पितळी सुरई, सकाळी आलेल्याच्या हातात कडू कॉफीची वाटी. "म्हाताऱ्यांना दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे," त्या म्हणायच्या. अम्मो तिथे रमले असंच आम्हाला वाटलं. रात्री शांत झोपायला लागले. दार वाजवणं थांबलं.

फक्त घरी आले की घटाघटा पाणी प्यायचे. तांब्येच्या तांब्ये. ऊन आहे म्हणून असेल, असं आम्ही म्हणायचो. मग सुहैरबाईंचा फोन आला. अबू नायेफ इथे काहीच घेत नाहीत, ना कॉफी, ना पाणी, ना जेवण. आग्रह केला की 'नंतर' म्हणतात. त्यांनी सरबत करून पाहिलं, गोड करून पाहिलं, भाताचा घास भरवायला गेल्या तर अम्मोंनी हात जोडून नको म्हटलं. ऑगस्टच्या एका काहिलीच्या दुपारी ते गाडीतून उतरताना कोसळले. दवाखान्यात सलाइन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी आटलंय, या वयात हे असं पुन्हा झालं तर भरवसा नाही.

नायेफला हवं ते हातात मिळालं. "झालं ना? उद्यापासून ते घरी. खिताम आहे."

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. खिताम सलाइनच्या नळीकडे बघत म्हणाली, "मी शाळेत कळवते, येत नाही म्हणून." इतक्या शांतपणे म्हणाली की मला तिच्या मुस्काटीत द्यावीशी वाटली. रडली असती तर मी समजू शकले असते.

केंद्रातून नाव काढायच्या आधी एकदा सकाळी येऊन बसा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा, असं सुहैरबाईंनी सांगितलं. मी नायेफला रजा घ्यायला लावली. घरातून निघताना तो सह्या करायला निघाला होता, बघायला नाही. गाडीच्या किल्ल्या हातातून सोडेना.

नायेफ, खिताम आणि मी दाराच्या आड उभे राहिलो. अम्मो आत गादीवर बसले होते, इतर तीन-चार म्हातारे त्यांच्या बाजूला. कॉफी देणाऱ्याने वाटी पुढे केली. अम्मोंनी ती उजव्या हाताने घेतली, ओठांना न लावता आपल्यासमोर जमिनीवर ठेवली. अंगरख्याची कड गुडघ्यांवर नीट ओढली, दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले, आणि नजर खाली करून बसले.

"हाजी, प्या ना," सुहैरबाई म्हणाल्या.

"पिऊ, बाई, पिऊ. घरधनी येऊ देत."

"येतील हं," असं म्हणून त्या आमच्याकडे वळल्या. "रोज हेच. आपल्या घरच्यांची वाट बघतात बिचारे."

असं बसलेलं मी त्यांना पूर्वी पाहिलं होतं, या घरची सून होण्याच्याही आधी. माझ्या भावाचा पाय एका पोराच्या पिकअपखाली मोडला होता, आणि त्या पोराच्या घरच्यांनी अबू नायेफना पुढे घालून आमच्याकडे जाहा आणला होता. माफी मागायला. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून मी बघत होते. त्यांनी कॉफीची वाटी अशीच खाली ठेवली होती. जाहाला आलेला माणूस मागणं मान्य होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. माझा बाप हट्टी. त्याने दुपारच्या नमाजापर्यंत ताणलं. कॉफी थंडगार झाली, बाहेर ऊन आग ओकत होतं, आणि हा माणूस हललासुद्धा नाही. शेवटी माझा बापच म्हणाला, "कॉफी प्या, अबू नायेफ. मागायला आलात ते दिलं." मग घरभर सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

"ते घरच्यांची वाट बघत नाहीयेत," मी सुहैरबाईंना म्हटलं. "ते जाहा घेऊन आलेत. तुमच्या दारात."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई. दिवाणखाना मीच मांडला, आणि पाहुणा कशाला आलाय हे मीच विचारलं नाही. जाहाला दहा-वीस माणसं असतात गं, इथे वाटी खाली ठेवणारे हे एकटेच. मला वाटलं, भूक मेलीय."

खितामने माझा दंड धरला होता.

आता घरधनी हवा होता, आणि तो बाई असून चालणार नव्हता. मी नवऱ्याकडे पाहिलं.

"नायेफ, आत जा. समोरच्या गादीवर बस."

"मी? अगं, मी मुलगा आहे त्यांचा. ओळखतील."

"शेवटचं कधी ओळखलं?"

त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, बूट काढले आणि आत गेला. तो समोर आला तसे अम्मो जमिनीला हात टेकून उठायला लागले. बाप आपल्यासाठी उठून उभा राहतोय हे नायेफने जन्मात पाहिलं नसेल. तो गडबडला, त्यांचे खांदे धरून त्यांना खाली बसवलं, आणि आपल्या जागी गेला.

"या, या. घर तुमचंच आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"देव तुम्हाला आयुष्य देवो," अम्मो म्हणाले, आणि त्यांच्या घशातून तो जुना आवाज निघाला, सावकाश आणि खालच्या पट्टीतला. "आम्ही तुमच्या दारी मागणं घेऊन आलोय. नाही म्हणालात तरी राग नाही, पण आम्ही नकार ऐकायला आलेलो नाही."

बाजूचे म्हातारे सावरून बसले. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण एकाने मान डोलावली.

"बोला, अबू नायेफ," नायेफ म्हणाला. आपलंच नाव असं उलटं उच्चारताना तो जरा अडखळला.

"आमच्या घरी एक बाई आहे. तुमच्या घरची आहे, असं आम्हाला सांगितलं. भल्या घरची आहे, ते तर दिसतंच. ती माझं जेवण करते. माझे पाय धुते. मी परका माणूस, आणि ती माझे पाय धुते." ते थांबले. शब्द शोधत होते की अवघडले होते, ते मला कळलं नाही. "पाहुण्याला तीन दिवस ठेवावं, ही आपली रीत. या बाईला आम्ही फार ठेवून घेतलं. तिचे केस आमच्या घरात पिकले. ती रात्री स्वयंपाकघरात एकटी बसते, मी पाहिलंय. तिला म्हटलं, बाई, तू तुझ्या घरी जा, तर जात नाही. घरचे बोलतील म्हणून भीत असेल."

नायेफने मान खाली घातली होती.

"तेव्हा आमचं मागणं एवढंच," अम्मो म्हणाले. "तिला घरी घ्या. म्हाताऱ्याला सोडून का आलीस, असं कुणी तिला विचारायचं नाही. ना आज, ना पुढे. चूक आमची आहे, तिची नाही. हा शब्द मिळाला तर आम्ही तुमची कॉफी पिऊ."

खितामचा हात माझ्या दंडावर इतका घट्ट झाला की दुसऱ्या दिवशी तिथे निळा डाग होता. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला नायेफकडे बघायचं होतं. एकवीस वर्षं मी या माणसाशी भांडतेय. हा आता काय म्हणतो, यावर माझं पुढचं भांडण अवलंबून होतं. त्याने तोंडावरून हात फिरवला, दाराकडे बघितलं. बहिणीला बघितलं. मग बापाकडे वळला.

"कॉफी प्या, अबू नायेफ," तो म्हणाला. "मागायला आलात ते दिलं."

"शब्द?"

"शब्द."

अम्मोंनी वाटी उचलली. एका घोटात संपवली. दुसरी मागितली, तीही संपवली, पुरे म्हणून वाटी हलवून परत दिली आणि पाणी मागितलं. सुहैरबाई स्वतः धावल्या. दोन ग्लास पाणी प्याले ते. मिशा पुसल्या, आणि घरधन्याकडे जरा झुकून, काम झाल्यावर पुरुष बोलतात तसं मोकळेपणाने म्हणाले, "एक सांगू का? जेवण फार अळणी करते हो. पण मी कधी बोललो नाही. तुम्हीही बोलू नका."

मीठ डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं होतं. खिताम माझ्यामागे आधी हसली. मग दाराशेजारी चपलांच्या फळीवर बसून इतकं रडली की कॉफी देणारा माणूस तिच्यासाठीही पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी अम्मोंनी वाटी पुन्हा खाली ठेवली. काल काय झालं, हे त्यांच्याकडे राहत नाही. आता केंद्राचा पहारेकरी सकाळी फाटक लावून आत येतो, समोर बसतो, ऐकून घेतो आणि शब्द देतो. त्याचा आता चांगला हात बसलाय. कधी मागणं दुसरं असतं, कुणाच्या शेताच्या बांधाचं, कुणाच्या पोराचं. बहुतेक वेळा मात्र त्या बाईचंच असतं. शब्द मिळाला की ते दिवसभर खातात, पितात, पत्त्यांचा डाव बघत बसतात. नायेफ कधी अम्मानला जायच्या आधी वाट वाकडी करून तिथे थांबतो. मला सांगत नाही. सुहैरबाई सांगतात.

घर बरं की केंद्र बरं, असं गल्लीतल्या बायका आता मला विचारतात, जशी काही मी हकीम आहे. मी म्हणते, तुमचा माणूस कुठे कोण असतो ते आधी बघा. आमचा घरात यजमान होता, आणि यजमानाला बसायला मिळत नाही. तिथे तो पाहुणा आहे. दुसऱ्या कुणाचं याच्या उलट असेल. आणि खरं सांगायचं तर मला अजूनही कधी कधी सकाळी गाडी वळणावर दिसेनाशी झाली की आपणच त्यांना घरातून काढलं असं वाटतं. ते जायचं नाही.

शाळा उघडली त्या दिवशी खितामने केसांना रंग लावला होता. आमच्या गल्लीच्या पायऱ्या उतरताना शेजारच्या उम्म वासेफने तिला गाठलंच. हिला सगळं माहीत असतं, तरी विचारायचं असतं.

"काय गं, अबू नायेफ दिसत नाहीत? म्हाताऱ्याला सोडून निघालीस कुठे नटूनथटून?"

मी वरच्या खिडकीत होते. उम्म वासेफला ऐकवायला माझ्या जिभेवर बरंच काही तयार होतं. पण खितामने पिशवी खांद्यावर नीट केली.

"शाळेत, खाला," ती म्हणाली. "ते माझ्यासाठी शब्द टाकायला गेलेत."